काँक्रीटच्या पोटातला आवाज

काँक्रीट मुके असते, हा समज खरा नाही. त्याला तडा गेला किंवा आतली ताणलेली पोलादी तार तुटली, की साठलेली शक्ती ध्वनिलहरींच्या रूपाने पसरते. पृष्ठभागावर बसविलेली संवेदक यंत्रे ती लहर टिपतात. कोणत्या यंत्रापाशी ती किती आधी पोचली, यावरून बिघाडाची जागाही काढता येते.

लंडनमधील हॅमरस्मिथचा उड्डाणपूल १९६१ सालचा. हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी टाकलेल्या मिठाचे पाणी आत झिरपले आणि तारा गंजल्या. त्या डोळ्यांना दिसणे कठीण. त्यांचे तुटणे मात्र यंत्रांनी ऐकले. डिसेंबर २०११ मध्ये, ऑलिंपिक सामने अवघ्या सात महिन्यांवर असताना, पूल वाहतुकीस बंद करण्यात आला. हा निर्णय यंत्राचा नव्हे, माणसांचा. आणि खरे धैर्य त्यालाच लागले असणार. जानेवारीत हलक्या वाहनांपुरता तो पुन्हा खुला झाला.

गोव्यातील मांडवी पुलाच्या ताराही गंजल्या होत्या. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि संपूर्ण नव्या पुलाचा खर्च अटळ झाला.

आपल्याकडे नव्या पुलाच्या उद्घाटनाला मंत्री येतात. देखभालीची तरतूद मात्र काटकसरीची वेळ येताच पहिल्याने कापली जाते. कारण उघड आहे. न कोसळलेला पूल कोणत्याही जमाखर्चात नफा म्हणून मांडला जात नाही. त्यातच या तंत्राची एक अडचण अशी, की यंत्रे बसविण्यापूर्वी ज्या तारा तुटल्या त्यांची नोंद त्यांत नसते. पूल जुना झाल्यावर निधी मंजूर करून ती उणीव भरून निघत नाही.