खळे भरले की कणगी?

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा देवस्थान आहे. 'विदर्भाचे खजुराहो' म्हणतात, तीच ही मंदिरे. माझ्या एका विद्यार्थ्याने ती संगणकावर उभी करायला घेतली. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यामुळे तो खर्च नव्हता. महाशिवरात्रीच्या यात्रेत दोन मिनिटांची फिल्म दाखवायची होती. शिखरे झाली, शिल्पे झाली, मागे सागाचे जंगलही उगवले. पण या साऱ्याचे अंतिम चित्र काढायला, म्हणजे रेंडरिंगला लावले, की काम मध्येच थांबे आणि 'आउट ऑफ मेमरी' असा संदेश येई.

मी घाईत म्हणालो, "जागा संपली असेल. मोठी हार्डडिस्क घे." घरच्यांनी तेंदूपत्त्याच्या मजुरीतून राखलेले पैसे त्याने त्यात घातले. डिस्क बसवली, तरी संदेश तोच! चूक माझी होती. म्हणूनच आज हा फरक सांगतो आहे.

धानाची मळणी खळ्यावर होते, साठवण कणगीत. खळेच अपुरे असेल, तर कणगी कितीही मोठी बांधा, काम अडणारच. रॅम हे संगणकाचे खळे, हार्डडिस्क ही कणगी. रेंडरिंग ग्राफिक्स कार्डावर करत असाल, तर त्या कार्डाची स्वतःची मेमरी हे खळे, आणि ते बहुधा आणखी लहान असते. 'आउट ऑफ मेमरी' म्हणजे खळे भरले. 'डिस्क फुल' म्हणजे कणगी भरली.

आमचे खळे कशाने भरले? दगडी भिंतींसाठी आम्ही 8192 बाय 8192 ठिपक्यांचे फोटो लावले होते. डिस्कवर अशी जेपेग फाइल लहान दिसते, पण उघडल्यावर प्रत्येक ठिपक्याला 4 बाइट लागतात. म्हणजे एकाच फोटोला 256 मेगाबाइट! लांबच्या शिखराला 1024 बाय 1024 चा फोटो पुरतो, त्याला लागतात फक्त 4. दुसरे कारण म्हणजे सागाची झाडे. 'शिफ्ट-डी' दाबून केलेली प्रत्येक प्रत वेगळी जागा खाते. 'ऑल्ट-डी'ने केलेल्या प्रती मूळ झाडाचाच आकार वापरतात. एवढे दोन बदल केले आणि रेंडरिंग सुरू झाले.

आता कणगीचा हिशोब. 1920 बाय 1080 चे एक चित्र, न दाबता ठेवले तर, सुमारे 6 मेगाबाइटचे. सेकंदाला 25 चित्रे धरली, तर दोन मिनिटांची 3000, म्हणजे अठराएक गिगाबाइट. तेवढी जागा आधीच पाहून ठेवावी. पेन ड्राइव्ह 'फॅट-32' पद्धतीचा असेल, तर रिकामा असूनही 4 गिगाबाइटहून मोठी एक फाइल तो घेत नाही. शिवाय रेंडरिंग करताना एकदम व्हिडिओ बनवू नये, सुटी चित्रे साठवावीत. आपल्याकडे वीज केव्हा जाईल, सांगता येत नाही. बाराशेव्या चित्रावर गेली, तर बाराशेव्यापासून पुढे सुरू करता येते.

यात्रेत फिल्म दाखवली. डिस्कचे पैसे मी त्याला हप्त्याहप्त्याने परत केले. तेव्हापासून कुणी अडचण घेऊन आले, की मी आधी रेंडरिंग सुरू करायला लावतो, टास्क मॅनेजर उघडतो आणि काय भरत चालले आहे ते पाहतो. दुकानाचा रस्ता त्यानंतर.