मेंदूचा संक्षोभ

मेंदूचा संक्षोभ : डोक्यास, चेहऱ्यास अथवा धडास जोराचा आघात होऊन कवटीतील मेंदूला हादरा बसला असता त्याच्या कार्यात अचानक उत्पन्न होणारा व बहुधा तात्पुरता असणारा बिघाड. बोलीभाषेत यास ‘डोक्याला मुका मार लागणे’ असे म्हणतात. डोक्याच्या इजांपैकी सु. ८० टक्के इजा सौम्य वर्गात मोडतात व त्यांत संक्षोभाचा समावेश होतो. कवटीचा अस्थिभंग किंवा बाहेरची जखम असलीच पाहिजे असे नाही. तसेच शुद्ध हरपणे हेही आवश्यक लक्षण नाही. बहुसंख्य रुग्णांची शुद्ध हरपत नाही आणि त्यामुळेच या इजेकडे दुर्लक्ष होते.

इतिहास : सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या १०७ मर्मांपैकी कानशिलावरील ‘शंख’ या मर्माची गणना सद्यःप्राणहर (तत्काळ प्राण घेणाऱ्या) मर्मांत केली आहे. कानशिलाखालील अस्थी पातळ असून तिच्या आतील बाजूने मेंदूच्या आवरणाची रोहिणी जाते, हे लक्षात घेता हे वर्गीकरण अर्थपूर्ण ठरते. दहाव्या शतकाच्या सुमारास अल्-राझी या इराणी वैद्याने मेंदूस प्रत्यक्ष जखम न होता केवळ हादऱ्याने येणारी अवस्था वेगळी ओळखली. १९४३ मध्ये होलबर्न या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी डोक्याला बसणारी पिळवटणारी गती सरळ धक्क्यापेक्षा अधिक हानिकारक असते, असे प्रतिपादन केले. १९७४ मध्ये ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी डोळे उघडणे, बोलणे व हालचाल या तीन प्रतिसादांवरून शुद्धीचे मापन करणारी ३ ते १५ गुणांची श्रेणी मांडली. सौम्य इजेत हे गुण १३ ते १५ असतात.

विकृतिविज्ञान : मेंदू हा मस्तिष्कमेरुद्रवात जणू तरंगत असतो. डोके एकाएकी फिरले किंवा थांबले म्हणजे मेंदूचे निरनिराळे थर कमीजास्त वेगाने सरकतात व तंत्रिका कोशिकांचे लांब तंतू ताणले जातात. कोशिकांतील पोटॅशियम बाहेर पडते व कॅल्शियम आत शिरते. हे संतुलन पूर्ववत करण्यास कोशिकांना अधिक ऊर्जा लागते. परंतु याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. मागणी व पुरवठा यांतील ही तफावत काही दिवस टिकते. त्या अवधीत पुन्हा आघात झाल्यास मेंदूस मोठी सूज येऊन, विशेषतः तरुणांत, क्वचित मृत्यूही ओढवतो. बिघाड रचनेपेक्षा कार्यात असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये संक्षोभ दिसत नाही. हा स्कॅन रक्तस्राव व अस्थिभंग नाहीत याची खात्री करण्यासाठी काढतात. ‘स्कॅन निर्दोष, म्हणून रुग्ण निर्दोष’ हा समज चुकीचा आहे.

लक्षणे : डोकेदुखी, भोवळ, मळमळ, प्रकाश व आवाज असह्य होणे, गोंधळलेपणा, तोच तो प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, अपघाताच्या आगेमागे घडलेले न आठवणे ही प्रमुख लक्षणे होत. चिडचिड, निद्रानाश व एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे काही दिवसांनी प्रकट होतात. प्रौढांत ती बहुधा दोन आठवड्यांत व मुलांत चार आठवड्यांत ओसरतात. काहींत ती महिनोन्‌महिने टिकतात.

धोक्याची चिन्हे : संक्षोभाबरोबर कवटीच्या आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी लागते. अशा वेळी रुग्ण प्रथम सावध असतो, चालतो, बोलतो आणि काही वेळाने एकाएकी बेशुद्ध होतो. भारताचा कसोटी क्रिकेटपटू रमण लांबा याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथे एका क्लब सामन्यात फलंदाजाच्या निकट, शिरस्त्राणाशिवाय क्षेत्ररक्षण करीत असता त्याच्या डोक्यास चेंडू लागला. तो स्वतः चालत मैदानाबाहेर गेला. परंतु लवकरच त्याची प्रकृती बिघडली व २३ फेब्रुवारीस त्याचे निधन झाले. वाढती डोकेदुखी, वारंवार ओकारी, झटके, वाढती गुंगी, दोन्ही बाहुल्यांचा आकार असमान होणे, हातापायांत दुर्बलता, अडखळते बोलणे आणि नाककानांतून रक्त वा पाण्यासारखा द्रव वाहणे यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास रुग्णालय गाठण्यात विलंब करू नये. वृद्धांत व रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांत किरकोळ मारानंतर काही आठवड्यांनीही रक्ताची गाठ साचून लक्षणे उद्‌भवतात.

मालवण किनाऱ्यावरील परिस्थिती : या इजेची कारणे व तिचे परिणाम स्थानिक व्यवसाय आणि भूगोल यांवर अवलंबून असतात, हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरून स्पष्ट होते. दुचाकींच्या अपघातांखेरीज माडावरून किंवा आंब्याच्या कलमावरून पडणे, पावसाळ्यापूर्वी छपराची कौले परतताना घसरणे, चिऱ्यांच्या खाणीतील अपघात, होडीत तोल जाऊन फळीवर आपटणे ही येथील कारणे होत. माथ्यावर नारळ पडणे हाही थट्टेचा विषय नव्हे. पापुआ न्यू गिनीतील आलोटाऊ येथील रुग्णालयाच्या चार वर्षांच्या नोंदींचा आढावा बार्स यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात इजांमुळे दाखल झालेल्यांपैकी २.५ टक्के रुग्ण पडत्या नारळामुळे जखमी झालेले आढळले. माडाची उंची २४ ते ३५ मी. व सोडणासह नारळाचे वजन १ ते ४ किग्रॅ. असू शकते, हे ध्यानात घेतले असता आघाताची तीव्रता कळते.

राष्ट्रीय महामार्ग ६६ कणकवली व कुडाळ यांवरून जातो. मालवण त्याच्या पश्चिमेस सु. ३० किमी. वर आहे. जिल्हा रुग्णालय ओरोस येथे असून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तथापि मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज असलेले रुग्ण गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बांबोळी येथील रुग्णालयात अथवा घाट चढून कोल्हापुरास नेण्याचा प्रघात दीर्घकाळचा आहे. मालवणहून बांबोळीचे अंतर शंभर किमी.हून अधिक आहे. २०१८ मध्ये तेथे परराज्यांतील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग भागात जनआंदोलन झाले. त्यावरून या जिल्ह्याचे बांबोळीवरील अवलंबन दिसून येते. शहरात लक्षणे बिघडल्यावर निघाले तरी चालू शकते. किनाऱ्यावरील गावात मात्र ती बिघडण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. म्हणून डोक्यास मार लागलेल्या व्यक्तीस त्याच दिवशी वैद्यास दाखविणे व वाहनाची सोय आधीच पाहून ठेवणे येथे अधिक अगत्याचे ठरते. राज्यात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

उपचार : उंचावरून पडलेल्या व्यक्तीच्या मानेच्या मणक्यांसही इजा असू शकते, म्हणून तिला ओढून वा बसवून न नेता डोके, मान व पाठ एका रेषेत धरून फळीवर हलवावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालणे, कांदा वा चप्पल हुंगविणे, गदागदा हलविणे हे प्रकार टाळावेत. ओकारी होत असल्यास मानेसह सर्व शरीर एकत्र कुशीवर वळवावे. मद्याचा वास येतो म्हणून ‘नशेत आहे’ असे समजून झोपू देणे घातक ठरते. पहिले २४ ते ४८ तास रुग्णाजवळ जाणते माणूस असावे. रुग्णाला झोपू द्यावे, परंतु वैद्याच्या सूचनेनुसार मधूनमधून जागे करून तो ओळख देतो की नाही हे पहावे. डोकेदुखीवर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरीन व आयबुप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकत असल्यामुळे ती वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत.

अंधाऱ्या खोलीत अनेक दिवस पडून राहण्याची जुनी पद्धत आता त्याज्य मानतात. एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती व त्यानंतर हळूहळू चालणे, वाचन, शाळा वा हलके काम असा क्रम ठेवतात. कबड्डी अथवा क्रिकेट खेळणाऱ्यास मार लागल्यास त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये संक्षोभग्रस्त खेळाडूऐवजी बदली खेळाडू घेण्याची मुभा आहे. माडावर चढणारे, होडी वा वाहन चालविणारे यांनी भोवळ पूर्ण थांबून वैद्याने संमती देईपर्यंत ते काम करू नये. रोजंदारीवरील माणसास हा सल्ला पाळणे कठीण जाते. त्यामुळे कुटुंब व मालक यांचे सहकार्य हा उपचाराचाच भाग होय.

पुनर्वसन व हक्क : तीव्र इजेनंतर, आणि काही वेळा सौम्य इजेनंतरही, विस्मरण, रागीटपणा, थकवा, निर्णयशक्तीचा ऱ्हास हे दोष उरतात. हातपाय धड असल्याने शेजारी अशा माणसास आळशी वा तऱ्हेवाईक ठरवितात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. परंतु आघातजन्य मेंदू-इजेचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. हालचाल, वाचा, दृष्टी किंवा मानसिक आजार यांसारख्या परिणामांच्या गटातूनच प्रमाणपत्र मागावे लागते व केवळ स्मृती आणि स्वभाव बदललेला रुग्ण त्यात नीट बसत नाही. जोधपूरचे माजी महाराज गजसिंह यांचे पुत्र शिवराजसिंह यांना २००५ मध्ये पोलो खेळताना मेंदूची गंभीर इजा झाली; त्या अनुभवातून २००७ मध्ये ‘इंडियन हेड इंजुरी फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली. प्रतिबंध, तातडीची सेवा व पुनर्वसन ही तिची उद्दिष्टे आहेत.

प्रतिबंध : एका व्यापक आढाव्यानुसार शिरस्त्राणामुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या इजेचा धोका सु. ६९ टक्क्यांनी व मृत्यूचा सु. ४२ टक्क्यांनी घटतो. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येक स्वारास ते आवश्यक केले. तसेच अपघातग्रस्तास सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कायदेशीर कारवाईपासून संरक्षण दिले. त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने जखमीस रस्त्यावर सोडून जाण्याचे कारण उरलेले नाही. नारळ उतरविणाऱ्यांनी चढण्याचे यंत्र व सुरक्षापट्टा वापरावा. त्यांच्यासाठी नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजना आहे. रस्ता, अंगण व शाळा यांवर झुकलेल्या माडांचे नारळ वेळेवर उतरविणे हा सर्वांत साधा उपाय होय.