ना गाय, ना म्हैस. तरीही पेला पांढराशुभ्र!

बदाम, नारळ, शेंगदाणे, काजू. पाण्यात वाटायचे, फडक्यातून पिळायचे, की दूध तयार! कार्ब्ज कमी करणाऱ्या अनेकांच्या स्वयंपाकघरात हा आता नेहमीचा उद्योग झाला आहे. पण या साध्या कृतीमागे इंग्लंडच्या राजाचा मुदपाकखाना आहे, अमेरिकन संसदेची समिती आहे, कोकणातली विळी आहे आणि थोडंसं गणितही आहे. ते गणित जमलं की घरी दूध करण्यातला खरा फायदा कळतो. पेल्यात किती कार्ब्ज उतरणार, हे आपलं आपण ठरवतो.

१८६३ साली दुधावरच फुली

विल्यम बँटिंग हे लंडनचे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक. वजन इतकं वाढलेलं की हालचाल अवघड झाली होती. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्याने त्यांनी आहार बदलला, वजन उतरलं आणि १८६३ मध्ये त्यांनी आपला अनुभव छोट्या पुस्तिकेत छापला. कमी कार्ब्जच्या आहारावरचं हे सुरुवातीचं गाजलेलं लेखन. त्यांच्या टाळायच्या यादीत पाव, साखर, बिअर, बटाटे आणि लोणी तर होतंच, शिवाय दूधही होतं!

न घातलेली साखर

दुधात चमचाभरही साखर घातली नाही, तरी त्यात साखर असतेच. तिचं नाव लॅक्टोज. दूध गाईचं असो वा म्हशीचं, १०० मिलिलिटरमध्ये ती साधारण ५ ग्रॅम, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात १० ग्रॅम. साय काढली तरी ती कमी होत नाही, कारण ती दुधातल्या पाण्यात विरघळलेली असते. कीटो या अगदी कमी कार्ब्जच्या आहारात दिवसभराची कार्ब्जची मर्यादा २० ते ५० ग्रॅमची. अशा वेळी दोन पेले दुधातच बराचसा वाटा संपतो. बदामाच्या किंवा नारळाच्या दुधात लॅक्टोज शून्य, त्यामुळे ज्यांना दूध पचत नाही त्यांचंही काम होतं.

बदामाचा हिशोब

१०० ग्रॅम बदामात कार्ब्ज २१ ते २२ ग्रॅम. त्यातले १२ ग्रॅमहून जास्त तंतुमय, म्हणजे रक्तातली साखर न वाढवणारे. उरले ९ ग्रॅमच्या आसपास. आता हे बदाम लिटरभर पाण्यात वाटा. पाच पेले दूध होतं आणि प्रत्येकात निव्वळ कार्ब्ज फार तर २ ग्रॅम. गाळताना काही भाग चोथ्यात राहतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी!

दाणा बदलला की आकडा बदलतो

तंतू वजा करून उरणारे निव्वळ कार्ब्ज, दर १०० ग्रॅममागे अंदाजे असे:

- अक्रोड: ७ ग्रॅम
- शेंगदाणे: ८ ग्रॅम
- बदाम: ९ ग्रॅम
- पिस्ते: १७ ग्रॅम
- काजू: २७ ग्रॅम

अक्रोड यादीत सर्वांत वर आहे, आणि वनस्पतिजन्य ओमेगा-३ भरपूर असलेला तो मोजक्या दाण्यांपैकी एक. त्याच्या सालीचा तुरटपणा दुधात उतरतो, म्हणून भिजवलेलं तपकिरी पाणी ओतून द्यायचं आणि दाणे दोन-तीनदा धुवायचे.

काजूचं दूध चविष्ट, पण जपून

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काजू ब्राझीलहून गोव्यात आणला आणि तो कोकणच्या डोंगरउतारांवर असा रुजला की वेंगुर्ल्याचं नाव काजूशी कायमचं जोडलं गेलं. भिजवलेला काजू लोण्यासारखा वाटला जातो, चोथा जवळजवळ राहतच नाही, त्यामुळे दूध गाळावं लागत नाही. पण मग त्यातला सगळा स्टार्चही पेल्यातच येतो. बदामाच्याच प्रमाणात केलं, तर एका पेल्यात ५ ग्रॅमच्या वर निव्वळ कार्ब्ज. स्टार्चमुळेच हे दूध तापवल्यावर दाटसर होतं. म्हणून काजू पेल्यापेक्षा रश्श्यात बरा: दोन चमचे घातले तरी दाटपणा येतो.

राजाच्या मुदपाकखान्यातलं बदामदूध

मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांस चालत नसे, आणि अनेक ठिकाणी दूध, लोणी, अंडीही वर्ज्य. मग आचाऱ्यांनी बदाम वाटले. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास तयार केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाककृतिसंग्रहात बदामाचं दूध पुन्हापुन्हा येतं. त्या काळी फ्रिज नव्हता. दूध नासायचं, पण सुके बदाम महिनोन्‌महिने टिकायचे. हवं तेव्हा हवं तेवढंच दूध करता यायचं, ही सोय मोठी होती.

कोकणाला हे कुणी शिकवायला नको

नारळ फोडायचा, विळीवर खवायचा, चव कोमट पाण्यात वाटून पिळायची. पहिला रस दाट, दुसरा पातळ. कालवण पातळ रसात शिजतं, दाट रस शेवटी पडतो आणि मग खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस फुटतो. मालवणपासून काणकोणपर्यंत घराघरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

सोलकढीचा तर या बाबतीत मान पहिला. नारळाचा रस, कोकमाचं आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ, वर कोथिंबीर. साखरेची गरजच नाही. १०० मिलिलिटर दाट रसात स्निग्धांश २० ग्रॅमहून जास्त, कार्ब्ज मात्र ३ ते ६ ग्रॅम. सोलकढीसाठी रस पातळ केला की हा आकडा आणखी उतरतो. कमी कार्ब्जवाल्यांसाठी जेवणाबरोबरचं याहून छान पेय शोधून सापडणार नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की दाट रसात उष्मांक भरपूर असतात. पेले मोजूनच प्या.

शेंगदाणा संसदेत

जानेवारी १९२१. अमेरिकन संसदेच्या एका समितीपुढे शेंगदाण्यावरील आयात कराची सुनावणी. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना बोलायला दहा मिनिटं मिळाली. त्यांनी शेंगदाण्यापासून केलेले पदार्थ एकेक करून टेबलावर मांडायला सुरुवात केली आणि सदस्य इतके रंगले की वेळेची मर्यादाच उठवली गेली. त्या पदार्थांत शेंगदाण्याचं दूधही होतं!

आपल्याकडे उपासाची दाण्याची आमटी याच वाटेची: दाणे वाटायचे, पाणी घालायचं, जिरं-मिरचीची फोडणी द्यायची. गूळ वगळला आणि भगरीशिवाय नुसती वाटीभर प्यायली, तर ती कमी कार्ब्जच्या आहारात सहज बसते. कच्च्या दाण्यांचं दूध करायचं असेल तर ते दहाएक मिनिटं मंद आचेवर उकळा, कच्चट वास जातो.

बदाम, पीचचा भाऊबंद

बदाम, पीच आणि जर्दाळू एकाच कुळातले. पीचच्या कठीण कोयीत जी बी असते, तशीच बी म्हणजे आपला बदाम. याच कुळात कडू बदामही येतो, आणि त्यात असलेल्या रसायनातून सायनाइड तयार होतं. म्हणून जंगली किंवा कडू बदामांचं दूध कधीही करू नका. नेहमीच्या बदामांतला एखादा दाणा कडू लागला, तर तोही थुंकून टाका.

पांढरा रंग येतो कुठून?

बदामाचं निम्मं वजन तेलाचं. वाटताना हे तेल अतिसूक्ष्म थेंबांत मोकळं होतं, थेंबांभोवती प्रथिनांचं आवरण असतं आणि ते पाण्यात तरंगत राहतात. प्रकाश त्यांच्यावरून चहूकडे विखुरतो, म्हणून दूध पांढरं दिसतं. फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर दाट आणि खाली पाणी असे थर झाले, तर घाबरू नका, बाटली हलवा. विकतच्या दुधात थर दिसू नयेत म्हणून डिंकासारखे पदार्थ घातलेले असतात.

दही लागेना, चहा फुटे

गाईम्हशीच्या दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे विरजण लागल्यावर दही घट्ट बसतं. बदामात केसीन नाही, म्हणून विरजण घातलं तरी तशी कवडी पडत नाही. कॉफी आंबट आणि गरम, त्यात गार बदामदूध ओतलं की प्रथिनांच्या गुठळ्या होतात. उपाय सोपा: दूध आधी कोमट करा, कॉफी थोडी निवू द्या, मग हळूहळू घाला. चहातही दूध उकळू नका, गाळलेल्या चहात शेवटी घाला.

पाकिटातले बदाम किती?

विकतच्या अनेक बदामदुधांत बदामाचं प्रमाण २ ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं. घरी १०० ग्रॅमला एक लिटर घेतलं, तर ते १० टक्के होतं. पाकीट घ्यायचंच असेल तर मागची बाजू वाचा. साखर घातलेल्या प्रकारात कमी कार्ब्जचा हेतूच बाद होतो.

पाच पायऱ्यांत बदामदूध

१. १०० ग्रॅम, म्हणजे ऐंशीएक बदाम ८ ते १२ तास भिजवा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा.
२. पाणी ओतून द्या. पांढरंशुभ्र दूध हवं असेल तर साली काढा.
३. आधी वाटीभर पाण्यात अगदी बारीक वाटा, मग उरलेलं पाणी घालून एकूण एक लिटर करा.
४. मलमलच्या ओल्या फडक्यातून घट्ट पिळा.
५. चिमूटभर मीठ, वेलची किंवा दालचिनी घाला. खजूर नको: एका मोठ्या खजुरातच १५ ग्रॅमच्या वर साखर असते. फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवा, आंबूस वास आला की फेकून द्या.

चोथा म्हणजे खजिना

तंतू बरेचसे चोथ्यात राहतात, म्हणून तो टाकायचा नाही. ओला चोथा लसूण, लाल तिखट आणि मीठ घालून मंद आचेवर परतला की कोरडी चटणी होते. वाळवून दळला की कटलेटला घट्टपणा आणणारं पीठ मिळतं.

हे मात्र विसरू नका

१०० ग्रॅम बदामांच्या लिटरभर दुधात पेल्याला प्रथिनं फार तर ४ ग्रॅम, कॅल्शियम ५० मिलिग्रॅमच्या आसपास. गाईच्या दुधात ते याच्या चौपटीहून जास्त. म्हणून प्रथिनं आणि कॅल्शियमसाठी पनीर, अंडी, मासे, तीळ, पालेभाज्या ताटात हव्याच. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे दूध देऊ नका. दाण्यांची ॲलर्जी असेल तर लांबच राहा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर कार्ब्ज कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण औषधाची मात्रा बदलावी लागू शकते.

आता निवड तुमची. चहा-कॉफीला बदाम, जेवणाबरोबर नारळ, आमटीला शेंगदाणे, रश्श्याला चमचाभर काजू. भिजवायला विसरलात तर नारळ हाताशी आहेच, त्याला रात्रभर थांबावं लागत नाही!