अंथरूण पाहून पानं पसरावीत

नातीच्या आठव्या वाढदिवसाला तिच्या मामाने काचेची दोन फुटी टाकी भेट दिली आणि मुलाच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ती आमच्या पुण्याच्या घरी, हॉलमध्ये आली. टाकी तिची, मासे तिचे, राखणदारी मात्र माझी. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे.

प्लास्टिकची झाडं नकोत, खरीच हवीत, असा नातीचा हट्ट होता. खरी झाडं आली. झगझगीत एलईडी दिवाही आला. महिनाभरात झाडांची पानं पिवळी पडली आणि त्यांच्यावर शेवाळाची हिरवी-काळी लव चढली. दुकानातला तरुण फोटो पाहून म्हणाला, ‘‘काका, लाइट जबरदस्त आहे तुमचा. पण सीओटू कुठंय?’’

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो दाबाखाली भरलेला सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, रात्री वायू बंद करणारा विजेचा व्हॉल्व आणि पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारा डिफ्यूझर, असा सगळा सरंजाम. किंमत टाकीच्या जवळजवळ तिप्पट! मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. बँकेत तेहतीस वर्षं मी हे वाक्य कर्ज मागणाऱ्यांना ऐकवत होतो.

विचार करताना शाळेतला तो प्रयोग आठवला. चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे वर चढायचे. आमचे गुरुजी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचे. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उत्तर पन्नास वर्षांनी मिळालं: पाण्यातल्या झाडाला कार्बनची कायमची चणचण असते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. पानाजवळचा साठा संपला की पान उपाशी. सिलिंडरवाले हौशी लोक हेच प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमवर नेऊन ठेवतात. हायड्रिलाला सोड्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेता येतो. गुरुजी तिला खाऊ घालत होते तर!

मग सिलिंडरला पर्याय काय? पहिला पर्याय आमच्या स्वयंपाकघरातच निघाला. शीतपेयाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, त्यात वाटीभर साखर, पाऊण बाटली पाणी आणि पाव चमचा यीस्ट. झाकणातून नळी काढून टाकीत सोडायची. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर हिशेबाने ५० ग्रॅमच्या आसपास वायू मिळतो. ही युक्ती जुनीच आहे. १७६७ साली इंग्लंडमध्ये लीड्सला जोसेफ प्रिस्टली दारूभट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेला वायू त्याने पाण्यात मुरवला आणि सोडावॉटर तयार केलं. पुढे याच प्रिस्टलीने पुदिन्याची डहाळी कोंदटलेली हवा पुन्हा ताजी करते, हे दाखवलं. आणि १७७९ साली यान इंगेनहाउस याने सिद्ध केलं की पाण्यात बुडलेली हिरवी पानं हे काम उजेडातच करतात. माझ्या टाकीचे सगळे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वीच जन्मले होते.

यीस्टची बाटली साधारण दोन-तीन आठवडे चालते. पण ती यंत्र नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. थंडीत झोपते, पुण्याच्या एप्रिलमध्ये उधळते. रात्री झाडांना वायू नको असतो, तेव्हाही ती चालूच. बाटली काचेची कधीही घेऊ नये, नळीची वाट तुंबू देऊ नये, आणि मध्ये उलट न जाऊ देणारा व्हॉल्व व एक रिकामी बाटली ठेवावी. नाहीतर टाकीतलं पाणी बाटलीत येतं किंवा बाटलीतलं आंबवण टाकीत जातं. ‘‘माशांना पाजताय काय?’’ असं आमच्या हिने पहिल्याच दिवशी विचारलं, ते उगाच नव्हतं.

एप्रिलने यीस्टला हरवलं, तेव्हा मी दुसऱ्या पर्यायाकडे वळलो. ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व एका बाटलीत, खायचा सोडा दुसऱ्या बाटलीत. दोन्ही मिळाले की फसफसून वायू निघतो आणि सुईसारख्या बारीक व्हॉल्वने तो हवा तेवढा सोडता येतो. यीस्टपेक्षा हा शहाणा. वायू हवा तेव्हा सोडा, नको तेव्हा बंद करा. फक्त बंद करायची आठवण माणसाला हवी.

एका रात्री मला ती राहिली नाही. उलट झाडं लवकर वाढावीत म्हणून संध्याकाळी मी व्हॉल्व आणखी थोडा उघडला होता. दिवा गेला की झाडं कार्बन घेणं थांबवतात आणि आपल्यासारखीच श्वास सोडू लागतात. त्यात माझ्या बाटलीची भर. पाण्यात हा वायू वाढला की माशाच्या रक्तातला वायू बाहेर पडू शकत नाही. पाण्यात प्राणवायू असूनही त्याचा जीव गुदमरतो. सकाळी अकरांपैकी चार मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते. सात तळाशी होते. मी व्हॉल्व बंद केला, हवेचा पंप लावला, अर्धं पाणी बदललं. ते चार वाचले.

तो रविवार होता. नात दहा वाजता आली. काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, असं मनात आलं होतं. पण तिने माशांची मोजणी माझ्याआधी केली. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘आबा, म्हणजे झाडं लवकर मोठी व्हावीत म्हणून मासे मेले?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने सात माशांना कुंडीत पुरलं आणि त्यानंतर तीन रविवार ती आमच्याकडे आली, पण टाकीकडे फिरकली नाही.

दुकानदाराने आता ‘लिक्विड कार्बन’ची बाटली पुढे केली. मी घटक वाचले. अशा बहुतेक बाटल्यांत ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याचंच एखादं भावंड असतं; इस्पितळात दुर्बिणीसारखी उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. त्याने शेवाळ मरतं हे खरं, म्हणून झाडं टवटवीत दिसतात. पण व्हॅलिसनेरियासारखी झाडं त्याने विरघळतात, आणि डोळ्यांना, कातडीला व श्वासाला ते अपायकारक. लहान मूल जिथे हात घालणार, तिथे ते मला नको होतं.

त्या तीन आठवड्यांत मला माझी जुनी खुर्ची आठवली. हप्ते थकलेला माणूस समोर बसून आणखी कर्ज मागायचा, तेव्हा आम्ही आधी त्याचा खर्च पाहायचो. मी इतके दिवस टाकीचं उत्पन्न वाढवायला धडपडत होतो. खर्चाकडे पाहिलंच नव्हतं. टाकीचा खर्च म्हणजे उजेड. दिवा जितका प्रखर, तितकी झाडाची कार्बनची मागणी मोठी. मागणी भागली नाही की झाड थांबतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी दुसऱ्यांना आयुष्यभर सांगितलं आणि स्वतःच्या हॉलमध्ये विसरलो.

मी दिवा वर उचलला, त्याचा उजेड निम्म्याने कमी केला. टाकी रिकामी करून तळाशी कुंडीतली चाळलेली माती इंचभर घातली आणि तिच्यावर इंचभर बारीक वाळू पसरली. ही रीत अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मांडली आहे. मातीतला पालापाचोळा, माशांचं उरलेलं खाणं, त्यांची विष्ठा, हे सगळं जिवाणू कुजवतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. थेंबे थेंबे, पण रोज. सुरुवातीचे काही आठवडे माती अमोनिया सोडते म्हणून पाणी वरचेवर बदलावं लागतं आणि मासे थांबून सोडावे लागतात. तोवर आमचे चार वाचलेले मासे बादलीत, पंपाच्या आधाराने राहिले.

वॉलस्टॅडबाईंचा आणखी एक सल्ला पुणेकराला शिकवायला नको: दुपारी काही तास दिवा बंद. सकाळच्या उजेडात झाडं पाण्यातला कार्बन संपवतात. दुपारच्या अंधारात तो पुन्हा साचतो. आमच्या टाकीचा दिवा आता एक ते चार बंद असतो. इथली दुकानं उगाच बदनाम आहेत. वामकुक्षीत शास्त्र आहे!

हेही नवं नाही. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली केमिकल सोसायटीपुढे आपल्या टाकीची हकीकत मांडली: दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया आणि सडकी पानं खाणाऱ्या गोगलगाई. सिलिंडर नाही, बाटली नाही. एकाचा उच्छ्वास हा दुसऱ्याचा घास.

अर्थात या रीतीलाही मर्यादा आहेत. लालबुंद पानांची झाडं, तळावर हिरवळीसारखा पसरणारा गालिचा, जपानच्या ताकाशी अमानो यांच्या टाक्यांच्या छायाचित्रांत दिसतात तशी पाण्याखालची उद्यानं हवी असतील, तर सिलिंडरच घ्यावा. तो पापी नाही. मोजून देणारा, रात्री आपोआप बंद होणारा सिलिंडर माझ्या बाटल्यांपेक्षा कितीतरी शिस्तीचा आहे. पण ज्याला नुसती हिरवी, जिवंत टाकी हवी, त्याला व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास पुरेत. क्रिप्टोकोराइनही कमी उजेडात समाधानी. तिच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतच वाढतात. पाण्यावर तरंगणारी झाडं त्याहून चतुर. ती कार्बन थेट हवेतून घेतात, म्हणजे रांगेत उभंच राहत नाहीत.

आमची व्हॅलिसनेरिया महिनाभर ढिम्म होती. मग एक नवं पातं आलं, पंधरवड्याने शेजारी एक पिल्लू रोप. चौथ्या रविवारी मी काही न बोलता पेपर वाचत बसलो होतो. चार वाजता दिवा लागला. थोड्या वेळाने नात हळूच टाकीपाशी गेली. पात्याच्या कडेला एक बुडबुडा धरला होता. मोठा होत होता, सुटत नव्हता. सिलिंडरच्या टाकीत असे हजारो दिसतात म्हणे. आमच्याकडे तो एकच होता.

‘‘आबा, हा कुणी सोडला?’’

‘‘झाडाने,’’ मी म्हणालो. ‘‘माशांसाठी.’’

तिने मासे मोजले. चार. मग खुर्ची ओढून ती तिथेच बसली.