एक स्पीकरजोडी, दोन अॅम्प्लिफायर

आमच्या घरी रेडिओ व रेकॉर्ड ऐकण्यासाठी एक जुना अॅम्प्लिफायर होता. पुढे टीव्हीसाठी दुसरा आला. स्पीकरची जोडी मात्र एकच. तेव्हा दोन्ही अॅम्प्लिफायरच्या तारा आम्ही स्पीकरच्या त्याच टोकांना जोडल्या. एका वेळी एकच चालवायचा, मग बिघडते कोठे? एके दिवशी चुकून दोन्ही चालू राहिले आणि जुन्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले. ओहमचा नियम आम्हाला ठाऊक नव्हता असे नाही. तो येथे लावून पाहायचे सुचले नाही, एवढेच.

एका अॅम्प्लिफायरला दोन स्पीकर समांतर जोडता येतात. ८ ओहमचे दोन जोडले की ४ ओहम होतात आणि बरेच अॅम्प्लिफायर तेवढे सोसतात. त्यावरून उलटी जोडणीही चालेल असे वाटते. परंतु अॅम्प्लिफायर हा स्पीकरसारखा निमूट भार नव्हे. ठरलेले विभवांतर टिकवून धरणे हे त्याचे काम असते आणि त्यासाठी त्याचा आउटपुट रोध मुद्दाम अगदी कमी, समजा ०.१ ओहम, ठेवलेला असतो.

आता गणित करू. पहिला अॅम्प्लिफायर ८ व्होल्ट देत आहे. ८ ओहमच्या स्पीकरमधून १ अँपिअर धारा जाईल. दुसरा चालू आहे पण गप्प आहे, म्हणजे तो आपली टोके शून्य व्होल्टवर धरून बसला आहे. त्याच्या ०.१ ओहममधून जाऊ पाहणारी धारा ८० अँपिअर! घरगुती अॅम्प्लिफायर एवढी धारा देऊच शकत नाही. ट्रान्झिस्टर तापतात; आधी फ्यूज उडाला तर नशीब.

दुसरा बंद असला तरी धोका टळत नाही. बंद उपकरणाचा रोध अनंत असतो असे गृहीत धरू नये. आतल्या अर्धवाहकांतून धारेला वाट मिळू शकते.

उपाय जनित्राच्या चेंजओव्हर स्विचचाच. वीजमंडळाची वीज आणि जनित्र यांची गाठ कधीच पडू द्यायची नाही. येथे दोन स्पीकरच्या मिळून चार तारा, म्हणून चार ध्रुवांचा, दोन बाजूंचा स्विच हवा. केवळ धन तारा बदलून ऋण तारा एकत्र ठेवण्याची काटकसर करू नये. काही अॅम्प्लिफायरमध्ये दोन्ही तारांवर संकेत असतो, ऋण तार 'अर्थ' नसतेच. तसेच स्विच जुना संपर्क तोडून मगच नवा जोडणारा असावा. ५० वॅट ८ ओहममध्ये म्हणजे सुमारे २.५ अँपिअर, तेव्हा ५ अँपिअरचा स्विच पुरे. बदलण्यापूर्वी आवाज कमी करावा. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर असेल तर मात्र तो स्पीकरविना चालू ठेवू नये. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये मोठे विभवांतर निर्माण होऊन तो निकामी होऊ शकतो.

खरे तर जुन्या अॅम्प्लिफायरला जादा इनपुट असेल, तर टीव्हीचा ध्वनी तेथेच द्यावा. दुसऱ्या अॅम्प्लिफायरची गरजच उरत नाही. हे आम्हाला दुरुस्तीचे पैसे भरल्यावर सुचले.

स्विच बसवल्यावर दोन्ही स्पीकरची धन-ऋण टोके जुळतात ना, हे पाहावे. तारा अॅम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टचा घट क्षणभर टेकवा. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच बाजूला सरकले पाहिजेत. एक पुढे व एक मागे गेला, तर त्यातल्या एकाच्या तारा उलटवाव्यात. नाहीतर तबल्यातला डग्गा पोकळ ऐकू येतो.