पाच डॉक्टर, एक बिऱ्हाड

सेवेसाठी परदेशी गेलेल्या माणसांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक ध्येयाविषयी असते, खोलीविषयी नसते. ते कोणत्या देशी गेले, कोणते कार्य केले, किती हाल सोसले, हे सारे सांगितले जाते. दिवसभर राबून आल्यावर ते कोणाच्या शेजारी निजत, भांडी कोण घाशी, दिवा कोणाच्या मर्जीने मालवला जाई, याचा मात्र पत्ता लागत नाही. आम्ही गेली तीस वर्षे कामगारांच्या संघटनेत वावरत आहोत. माणसे एकत्र टिकतात की फुटतात याचा निकाल सभेत लागत नाही, बिऱ्हाडात लागतो, असे आम्ही पाहत आलो आहोत. म्हणून आज श्रोत्यांपुढे खोलीचाच विषय मांडावयाचा आहे.

विशीतला मुलगा कोठेही टाकला तरी आठ दिवसांत मित्र जोडतो. प्रौढ माणसाचे तसे नसते. त्याची उठण्याची वेळ ठरलेली, चहा किती गोड हे ठरलेले, आपल्या धंद्यात आपल्याला काय कळते याचा अभिमानही ठरलेला. अशी चार-पाच माणसे एका छपराखाली आली म्हणजे काय होते, आणि त्यांचे सूत जुळलेच तर ते कशाने जुळते? याचे एक उदाहरण आपल्याच घरचे आहे.

जुलै १९३७ मध्ये चीन आणि जपान यांचे युद्ध पेटले. चिनी कम्युनिस्टांच्या फौजेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना निधी जमला आणि सप्टेंबरच्या आरंभी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल हे अलाहाबादचे. पन्नाशीचा हा गृहस्थ स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करून आलेला होता. डॉ. चोळकर नागपूरचे, आणि वयाने सर्वांत वडील. डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे दोघे कलकत्त्याचे तरुण. पाचवे सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. (चोळकरांचे नाव आज नागपुरात किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. कोटणीसांवर १९४६ साली शांतारामबापूंनी चित्रपट काढला, तसा चोळकरांवर कोणी काढला नाही.)

आता या पाच जणांचा हिशेब मांडून पाहा. दोघांची मातृभाषा मराठी, दोघांची बंगाली, एकाची हिंदुस्थानी. धाकट्या-थोरल्यांत एका पिढीचे अंतर. राजकीय मते सारखी नाहीत. कोणी कोणाचा नातलग नाही, शाळासोबती नाही. अशा मंडळींत दोन मराठी एकीकडे आणि दोन बंगाली दुसरीकडे, अशी फाळणी होणे अगदी स्वाभाविक. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावचे गाळे असत. दहा-पंधरा पुरुष एका खोलीत, कोणी दिवसपाळीचा, कोणी रातपाळीचा. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडायची, आणि जेवण खाणावळवाल्या बाईकडे. तेथे भांडणे नव्हती असे नाही, पण गाव एक, देव एक, जत्रा एक, म्हणून भांडण फार लांबत नसे. या पाच डॉक्टरांपाशी तसला धागा नव्हता. तो वाटेत वळावा लागला.

वाट बिकट होती. सप्टेंबरमध्ये ते कँटनला उतरले आणि ऑक्टोबरात ते शहर जपान्यांनी घेतले. मागोमाग हांकौही पडले. दवाखाना मांडावा आणि उचलावा असे करीत ते चुंगकिंगला पोहोचले. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी तेथे त्यांस चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर आले, आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीस ‘के ती-हुआ’ झाले, बसू ‘बा सू-हुआ’. पाच वेगळ्या आडनावांच्या माणसांची नावे भावांसारखी एकाच अक्षरावर संपू लागली. आमच्या मते ही बाब लहान नव्हे. अटल, चोळकर, बसू म्हटले की प्रांत आणि जात पाठोपाठ येतात. नव्या नावाने ते ओझे उतरते. शिवाय नवी भाषा शिकताना पन्नाशीचा आणि पंचविशीचा सारखेच बोबडे बोलतात. वडीलधाऱ्याचा मान राहतो, पण रुबाब राहत नाही.

चुंगकिंगमध्येच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी मिळाली. घरी परत जाण्यास त्यांना मोकळीक होती. ते गेले नाहीत. अशा वेळी खोलीतल्या माणसांची परीक्षा होते. दुःखाच्या प्रसंगी काय बोलावे हे फार थोड्यांना कळते, आणि परदेशात तर भेटीला येणारे शेजारपाजारचे कोणी नसते. जवळ असतात ते हेच चौघे. त्या रात्री त्यांच्यात काय बोलणे झाले ते आम्ही कल्पनेने रंगवणार नाही. एवढे खरे, की सारे पथक पुढे निघाले तेव्हा कोटणीस त्यात होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये ते यानानला पोहोचले. आधीच्याच नोव्हेंबरात जपानी विमानांनी त्या गावावर बाँब टाकले होते. माणसे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांतून राहत, इस्पितळेही तशीच. उत्तर चीनमध्ये घरात मातीचा वा विटांचा मोठा ओटा असतो. चुलीची ऊब त्याखालून खेळवतात आणि सारे घर त्यावर ओळीने निजते; त्याला कांग म्हणतात. खाणे मुख्यतः राळ्याचे. आपल्याकडे राळे आता थोडेच उरले, पण सोलापूरकडचा माणूस ते धान्य ओळखतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने ती थंडी कशी काढली असेल, हे ज्याने त्याने ताडावे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. नुसत्या सहवासाने माणसे जोडली जातात हा भ्रम आहे. सहवासाने वैरही जोपासले जाते. एका खोलीतले दोन सोबती वर्षभर बोलत नाहीत, हे आम्ही पाहिले आहे. हातात एकच काम असावे लागते, आणि ते दोघांनाही खरे वाटावे लागते. स्विस इंजिनिअर पिअर सेरेसोल यांना हे उमगले होते. १९२० साली त्यांनी व्हर्डनजवळच्या एन या उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले, त्यांत जर्मनही होते. कालचे शत्रू एकत्र राहून भिंती आणि रस्ते नीट करू लागले. हेच सेरेसोल बिहारच्या भूकंपानंतर, १९३४ साली, वयाच्या पन्नाशीनंतर आपल्या देशात येऊन कुदळ घेऊन उभे राहिले. त्यांनी मैत्रीवर व्याख्याने दिली नाहीत असे नाही. पण आधी घमेले हातात दिले.

डॉक्टरांचे काम तर अधिकच निकडीचे. एकाने चिरायचे तर दुसऱ्याने रक्त थोपवायचे. तेथे हेवेदावे ठेवायला जागा नसते.

तरीही पाचांचे बिऱ्हाड पाचांचे राहिले नाही. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले होते. अटल प्रकृतीमुळे १९४० साली परतले. आपल्याकडे जो राहिला त्याचे पुतळे होतात आणि जो परतला त्याचे नाव पुसले जाते. आम्हांस हा न्याय पसंत नाही. साठीकडे झुकलेला माणूस घर सोडून बाँबखाली सहा महिने काढतो, हे आपल्यातले किती जण करतील? संपात शेवटच्या दिवसापर्यंत राहिलेल्याचा मान मोठा खरा. पण पहिल्या दिवशी बाहेर पडणारा नसता तर शेवटचा दिवस आलाच नसता.

उरले बसू आणि कोटणीस. एक बंगाली, एक मराठी. भाषेची फाळणी होईल असे जे वाटले होते, त्याच्या नेमके उलटे झाले. दोघे आघाडीवर सोबत हिंडले आणि १९४० साली त्यांचीही वाट वेगळी झाली. बसू यानानला परतले. कोटणीस उत्तरेकडच्या तळावर राहिले. डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यवैद्य नोव्हेंबर १९३९ मध्ये तेथेच वारले होते, आणि १९४१ साली त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद कोटणीसांकडे आले. तोवर ते चिनी भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले होते. तेथल्याच शिक्षिका गुओ छिंग-लान यांच्याशी त्यांनी त्या वर्षी विवाह केला. पुढच्या ऑगस्टात मुलगा झाला. त्याचे नाव यिन-हुआ; ‘यिन’ म्हणजे भारत, आणि ‘हुआ’ तेच, पाच जणांच्या नावातले.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने कोटणीस वारले. वय बत्तीस. बसू तेव्हा यानानमध्येच होते. मधले अंतर युद्धाने भरलेले होते. ते १९४३ साली एकटे भारतात परतले, आणि १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन सुयांची उपचारपद्धती शिकून आले. कलकत्त्यात ते ती उपचारपद्धती वापरू लागले आणि इतर डॉक्टरांनाही शिकवीत राहिले. गुओ छिंग-लान पुढे अनेकदा भारतात येऊन कोटणीस मंडळींना भेटल्या. २०१२ साली त्या वारल्या.