वारा पिणारी नळी

घरच्या घरी विमान बांधणे हा परदेशी धनिकांचाच छंद होय, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु मुंबईस कांदिवलीत श्री. अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते प्रदर्शनात मांडले गेले व २०१७ साली त्यास सरकारी नोंदणीही मिळाली. ते विमान धातूचे. परंतु लाकडी पंखांचे विमान बांधणारे हौशी लोक जगात आजही आहेत. त्या पंखात बसवावयाच्या एका बारीक नळीविषयी आज लिहावयाचे आहे.

नळीचे नाव पितो. आंरी पितो या फ्रेंच इंजिनिअराने १७३२ साली सेन नदीचा वेग मोजण्यास ती योजली. वारा 'पिते' ती 'पितो' ही कोटी आम्हां जुन्या मास्तरांस आवरत नाही. आणि सर्पास 'पवनाशन' म्हणणाऱ्या आपल्या कोशकारांसही ती रुचली असती!

तोंडात शिरलेला वारा आत अडतो व दाब वाढतो. दुसऱ्या छिद्रातून बाहेरच्या हवेचा मूळ दाब घेतात. दोहोंतील फरकावरून वेग कळतो. समुद्रसपाटीवर ताशी १०० किलोमीटर वेगास हा फरक पाण्याच्या अवघ्या ४८ मिलिमीटर उंचीइतका. वेग दुप्पट झाला की फरक चौपट, म्हणजे १९३ मिलिमीटर. इतक्या अल्प दाबावर वैमानिकाचे प्राण अवलंबून असतात. कारण वेग एका मर्यादेखाली गेला की पंख विमानास तोलून धरीत नाही.

म्हणून नळी पंख्याच्या झोतापासून दूर, पंखाच्या पुढच्या कडेबाहेर किंवा खाली, वाऱ्याच्या दिशेस समांतर बसवितात. पंखाच्या मुख्य तुळईस मात्र मनास येईल तेथे भोक पाडू नये; सारा भार तीच वाहते. फासळ्यांजवळ प्लायवूडचा जोडतुकडा सरसाने चिकटवून त्यावर नळीचा आधार स्क्रूने बसवावा. आमच्या भागास सागाचा अभिमान; पण साग जड, विमानास हलके स्प्रूस लागते. भोकाच्या उघड्या कडांस वार्निश द्यावेच, नाहीतर लाकूड पाणी पिऊन आतून कुजते. आतली रबरी नळी उतरती ठेवून सखल जागी पाणी काढण्याची सोय करावी, आणि तेथे हात जाईल असे झाकण पंखास ठेवावे.

आणखी एक शत्रू आहे, कुंभारीण माशी. आमच्या कोहमाऱ्यास कडीच्या भोकातसुद्धा ती मातीचे घर करते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. त्याची एक पितो नळी बुजली होती, आणि संशय अशाच माशीच्या घरट्यावर आला. गोंदियाजवळ बिरसीस वैमानिकांचे शिक्षण चालते. तेथील विद्यार्थ्यांस हे निराळे सांगावे लागत नसेल.

विमान उभे असता नळीवर लाल पट्टीचे झाकण घालतात. ते काढावयाचे राहिले, तर धावपट्टीवर विमान वेग घेत असूनही काटा हलत नाही. अशा वेळी उड्डाण तेथेच सोडून द्यावे.